आत्मसन्मान आधी की गुण आधी?

मुलाला स्वतःविषयी चांगले वाटू लागले की त्याचा अभ्यास आपोआप सुधारतो, हे विधान शिक्षकांच्या शिबिरांत, पालकसभांत आणि व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांत वरचेवर कानावर येते. ते ऐकायला गोड आहे आणि त्यात मुलांविषयी आस्थाही आहे. शिवाय त्यामागे संशोधन आहे असेही सांगितले जाते. संशोधन खरोखरच आहे, आणि ते थोडेथोडके नाही. पण ते संशोधन नेमके हेच म्हणते का? मानसशास्त्रातला सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतला फरक समजून घ्यायला यापेक्षा चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. म्हणून या विषयावर गाजलेल्या एका पुस्तकाची आणि त्याच्या आधी व नंतर झालेल्या अभ्यासांची आपण थोडी चिकित्सा करू.

आयोग आणि पुस्तक

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १९८६ साली विधानसभा सदस्य जॉन व्हास्कॉन्सेलॉस यांच्या प्रयत्नाने आत्मसन्मान वाढवण्यासाठी एक सरकारी कृतिगट स्थापन झाला. तीन वर्षांसाठी ७ लाख ३५ हजार डॉलर मंजूर झाले. शाळेतले अपयश, व्यसने, गुन्हेगारी, बालकांचा छळ, किशोरवयातली गर्भारपणे, सरकारी मदतीवरचे अवलंबन या सगळ्यांच्या मुळाशी स्वतःविषयीची हीन भावना आहे अशी व्हास्कॉन्सेलॉस यांची श्रद्धा होती. लोकांचा आत्मसन्मान वाढला तर ते अधिक कमावतील, अधिक कर भरतील आणि राज्याचा जमाखर्चही सुधारेल, इथपर्यंत त्यांची आशा गेली होती.

या श्रद्धेला आधार शोधण्याचे काम कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अभ्यासकांकडे आले. त्यांनी उपलब्ध संशोधन तपासून लिहिलेले प्रकरणवार पुस्तक १९८९ साली विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने काढले. 'द सोशल इम्पॉर्टन्स ऑफ सेल्फ-एस्टीम', म्हणजे 'आत्मसन्मानाचे सामाजिक महत्त्व', हे त्याचे नाव. अँड्र्यू मेका, नील स्मेल्सर आणि व्हास्कॉन्सेलॉस हे तिघे त्याचे संपादक.

पुस्तकाचे नाव एक सांगते आणि आतला मजकूर दुसरेच, ही आमची पहिली तक्रार. स्मेल्सर हे समाजशास्त्रज्ञ. त्यांनी प्रास्ताविकात प्रामाणिकपणे कबूल केले आहे की आत्मसन्मान आणि त्याचे मानले गेलेले परिणाम यांच्यातले आढळलेले संबंध निराशा वाटावी इतके क्षीण आहेत. ज्या पुस्तकाच्या प्रास्ताविकात असे लिहिले आहे, त्याच्या मुखपृष्ठावर मात्र 'महत्त्व' हा शब्द आहे. लोकांनी मुखपृष्ठ वाचले. १९९० साली कृतिगटाचा अंतिम अहवाल आला. त्यात आत्मसन्मानाला सामाजिक रोगांवरच्या लशीची उपमा दिलेली होती. तिच्याकडे आपण पुढे परत येऊ, कारण ती उपमाच या प्रकरणावर सर्वांत चांगला प्रकाश टाकते.

०.२५ म्हणजे किती?

आधी मोजमाप कसे होते ते पाहू. आत्मसन्मान मोजण्यासाठी सर्वांत जास्त वापरली गेलेली प्रश्नावली मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९६५ साली तयार केली. तिच्यात दहा विधाने आहेत. प्रत्येक विधानाशी आपण किती सहमत आहोत हे उत्तर देणाऱ्याने सांगायचे. इथे एक शब्दाची अडचण आहे. मराठीत आत्मसन्मान म्हटले की दुसऱ्याने केलेला अपमान सहन न करणे हा अर्थ मनात येतो. प्रश्नावली ते मोजत नाही. मी माझी स्वतःची किंमत काय ठरवतो, एवढेच ती मोजते. आणि हे उत्तर ज्याचे त्यानेच दिलेले असते.

या दुसऱ्या गोष्टीमुळे घोटाळे होतात. १९९५ सालच्या एका अभ्यासात एड डीनर आणि सहकाऱ्यांना असे आढळले की ज्यांचा आत्मसन्मान जास्त ते स्वतःला देखणेही समजतात. हा संबंध चांगला ठळक होता. पण त्याच लोकांची छायाचित्रे परक्यांना दाखवून त्यांचे मत घेतले तेव्हा तो संबंध जवळजवळ नाहीसा झाला. जो स्वतःविषयी एक चांगले बोलतो तो दुसरेही चांगले बोलतो, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून दोन्ही गोष्टी एकाच माणसाला विचारून काढलेल्या सहसंबंधाकडे जरा संशयानेच पाहावे.

शाळेतल्या गुणांचे तसे नाही. ते हजेरीपटाशेजारी नोंदवलेले असतात. हॅन्सफर्ड आणि हॅटी यांनी १९८२ साली असे १२८ अभ्यास एकत्र केले. त्यांत दोन लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती होती. आत्मसन्मान आणि शैक्षणिक यश यांचा सरासरी सहसंबंध ०.२१ ते ०.२६ निघाला.

सहसंबंधाचा गुणक उणे एक ते अधिक एक यांच्या दरम्यान असतो. शून्य म्हणजे सरळ रेषेत मांडता येईल असा संबंध नाही, एक म्हणजे एकावरून दुसऱ्याचा अचूक अंदाज. मग ०.२५ म्हणजे काय? समजा, एखाद्या मोठ्या परीक्षेला बसलेल्या मुलांचे आत्मसन्मानाप्रमाणे आपण दोन अर्धे केले. गुणांचा आलेख नेहमीसारखा घंटेच्या आकाराचा असेल, तर वरच्या अर्ध्यातल्या दर १०० मुलांपैकी सुमारे ५८ मुले गुणांतही वरच्या अर्ध्यात असतील आणि ४२ खालच्या. म्हणजे संबंध आहे, पण वर्गात समोर बसलेल्या एका मुलाविषयी त्यावरून फार काही सांगता येत नाही. गुणांमधल्या एकूण फरकापैकी ६ टक्क्यांच्या आसपास फरकाचीच संगती त्याने लागते.

तीन बाण

संबंध क्षीण असला तरी तो आहे. तो कुठून आला? इथे तीन शक्यता आहेत. आत्मसन्मानामुळे गुण वाढत असतील. गुणांमुळे आत्मसन्मान वाढत असेल. किंवा तिसऱ्याच एखाद्या घटकामुळे दोन्ही वाढत असतील. सहसंबंधाचा आकडा तिन्ही बाबतींत सारखाच येऊ शकतो. फळ्यावर बाण काढून दाखवला तर विद्यार्थ्यांना हे लगेच कळते: आकडा रेघ दाखवतो, बाणाचे टोक दाखवत नाही.

तिसरी शक्यता सर्वांत फसवी असते, म्हणून ती एका काल्पनिक वर्गावर तपासून पाहू. वर्गात ४० मुले आहेत. २० मुलांच्या घरी अभ्यासाला जागा, पुस्तके आणि मदत आहे. २० मुलांच्या घरी नाही. मदत असलेल्या २० पैकी १५ जणांचा आत्मसन्मान जास्त, ५ जणांचा कमी. मदत नसलेल्या २० पैकी उलट, ५ जणांचा जास्त, १५ जणांचा कमी. आता असे धरू की आत्मसन्मानाचा गुणांवर काडीचाही परिणाम होत नाही. मदत असेल तर ८० टक्के मुलांना चांगले गुण मिळतात, नसेल तर २० टक्के मुलांना.

हिशेब करू. मदत असलेल्या घरांतल्या जास्त आत्मसन्मानाच्या १५ पैकी १२ जणांना चांगले गुण मिळाले, कमी आत्मसन्मानाच्या ५ पैकी ४ जणांना. मदत नसलेल्या घरांतल्या जास्त आत्मसन्मानाच्या ५ पैकी १ जणाला, कमी आत्मसन्मानाच्या १५ पैकी ३ जणांना. आता घराचा विचार सोडून बेरीज करा. जास्त आत्मसन्मान असलेल्या २० पैकी १३ जणांना चांगले गुण, कमी असलेल्या २० पैकी फक्त ७ जणांना! या तक्त्यातून ०.३० एवढा सहसंबंध निघतो, म्हणजे १२८ अभ्यासांच्या सरासरीपेक्षाही थोडा जास्त. आणि त्यात कार्यकारणभाव मुळीच नाही. तो आपणच बाहेर ठेवला होता.

मग प्रत्यक्षात कोणता बाण खरा? यासाठी त्याच मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करावा लागतो, म्हणजे आधी काय आणि नंतर काय हे कळते. बाखमन आणि ओमॅली यांनी १९७७ साली असाच एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९६६ साली दहावीत असलेल्या मुलग्यांपासून सुरुवात करून १९७४ पर्यंत सोळाशेहून अधिक तरुणांची माहिती त्यांनी गोळा केली होती. शाळेतला आत्मसन्मान आणि पुढचे शिक्षण यांच्यात संबंध होता. पण घरची परिस्थिती, बौद्धिक क्षमता आणि आधीचे गुण हिशेबात घेतल्यावर आत्मसन्मानाच्या वाट्याला जवळजवळ काही उरले नाही.

दुसऱ्या बाणाची बाजूही भक्कम निघाली. आत्मसन्मानाची प्रश्नावली तयार करणारे रोझेनबर्ग यांनीच दोन सहकाऱ्यांसह १९८९ साली, म्हणजे कॅलिफोर्नियातले पुस्तक निघाले त्याच साली, एक विश्लेषण प्रसिद्ध केले. गुणांचा आत्मसन्मानावर होणारा परिणाम हा आत्मसन्मानाच्या गुणांवरील परिणामापेक्षा मोठा आहे असे त्यात दिसले. गणित सुटल्यावर मुलाची मान ताठ होते, ही शिक्षकांच्या रोजच्या अनुभवातली गोष्ट आहे. ती तेवढी सांगायला शास्त्रज्ञांची गरज नव्हती. पण ज्या पाहणीत हेच घडते, तिच्याकडे बोट दाखवून मान ताठ केली की गणित सुटते असे म्हणता येत नाही, हे सांगायला मात्र होती.

लशीची उपमा

आता लशीकडे येऊ. एखाद्या लशीचा गुण कसा सिद्ध होतो? १९५४ साली अमेरिकेत पोलिओवरच्या साल्क लशीची चाचणी झाली. चाचणीच्या एका भागात, ज्यांच्या पालकांनी संमती दिली अशा सुमारे ४ लाख मुलांपैकी निम्म्यांना लस आणि निम्म्यांना नुसते मिठाचे पाणी टोचले. कोणाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे केवळ योगायोगाने ठरवले होते. ते मुलाला, पालकांना आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही माहीत नव्हते. लस मिळालेल्यांत पोलिओचे प्रमाण दर लाखी २८ होते, मिठाचे पाणी मिळालेल्यांत ७१.

याच भागात आणखी साडेतीन लाख मुले अशी होती की त्यांच्या पालकांनी संमतीच दिली नव्हती. त्यांनाही लस मिळाली नव्हती. मग त्यांचे प्रमाण ७१ च्या आसपास असायला हवे ना? ते होते ४६. लस दोघांनाही नाही, तरी एवढा फरक! कारण संमती देणारी कुटुंबे सरासरीने सुस्थितीतली होती. स्वच्छ घरांतल्या मुलांना तान्हेपणी, आईकडून आलेले संरक्षण अंगात असताना, पोलिओच्या विषाणूचा सौम्य संसर्ग होत नसे. म्हणून पुढे त्यांना धोका जास्त असे. लस घेतलेल्यांची तुलना नकार दिलेल्यांशी केली असती तर २८ विरुद्ध ४६ असे आकडे मिळाले असते आणि लस आहे त्यापेक्षा बरीच दुबळी वाटली असती. चिठ्ठ्या टाकल्यामुळे दोन्ही गटांत सुस्थितीतले आणि गरीब, स्वच्छ आणि अस्वच्छ असे सर्व प्रकार सारखे वाटले गेले. लक्षात न आलेले घटकसुद्धा सारखे वाटले गेले, हे चिठ्ठीचे खरे सामर्थ्य. आकडेशास्त्राने घरची परिस्थिती हिशेबात घेता येते हे खरे, पण जे मोजले तेच हिशेबात घेता येते.

कॅलिफोर्नियाच्या कृतिगटाने लशीची उपमा घेतली, लशीची चाचणी मात्र घेतली नाही. ही आमची दुसरी आणि मोठी तक्रार आहे.

प्रयोग झाला तेव्हा

पुढे रॉय बॉमायस्टर आणि तिघा सहकाऱ्यांनी या विषयावरच्या पंधरा हजारांहून अधिक लेखांच्या ढिगाऱ्यातून भरवशाचे अभ्यास निवडून २००३ साली एक विस्तृत आढावा लिहिला. जास्त आत्मसन्मान असलेली माणसे अधिक सुखी असतात आणि पुढाकार घेण्यात मागे नसतात, पण आत्मसन्मान वाढवल्याने शाळेतली कामगिरी सुधारते याला पुरावा मिळत नाही, असा त्याचा सारांश. बॉमायस्टर स्वतः आधी आत्मसन्मानाचे खंदे पुरस्कर्ते होते. म्हणूनही या आढाव्याकडे लोकांचे लक्ष गेले.

त्याच गटातल्या फोरसिथ आणि इतरांनी २००७ साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयातल्या मानसशास्त्राच्या वर्गात पहिल्या परीक्षेत कमी गुण मिळालेल्या विद्यार्थ्यांना दर आठवड्याला ई-मेलने सरावाचे प्रश्न पाठवले. योगायोगाने निवडलेल्या काहींना त्यासोबत स्वतःविषयी चांगले वाटावे असा मजकूर मिळे, काहींना आपल्या अभ्यासाची जबाबदारी आपलीच आहे असा, तर काहींना नुसतेच प्रश्न. ज्यांचे गुण सर्वांत कमी होते, त्यांच्यातल्या आत्मसन्मानाचा मजकूर मिळालेल्यांची अंतिम परीक्षेतली कामगिरी सुधारली नाही, उलट घसरली. एका विद्यापीठातला, थोड्या विद्यार्थ्यांवरचा प्रयोग आहे. त्यावरून सर्व जगाचा नियम काढू नये. पण बाणाचे टोक तपासण्याची रीत हीच.

नेदरलँड्समध्ये एडी ब्रुमेलमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग शाळेच्या अधिक जवळचा आहे. ८ ते १२ वर्षांच्या मुलांनी व्हॅन गॉगच्या एका चित्राची नक्कल केली. योगायोगाने काहींची साधी स्तुती केली, काहींची अतिशयोक्त आणि काहींची मुळीच नाही. मग पुढची चित्रे सोपी हवीत की अवघड, असे विचारले. आत्मसन्मान कमी असलेल्या मुलांनी अतिशयोक्त स्तुतीनंतर अवघड चित्रे टाळली. एवढी मोठी स्तुती मिळाल्यावर ती टिकवण्याचे ओझेही येत असावे. गंमत म्हणजे मोठी माणसे अशी स्तुती नेमकी याच मुलांची जास्त करतात, असेही त्याच अभ्यासमालेत दिसले.

दुसऱ्या टोकाला न जाता

आता टीकाकारांवरही थोडी टीका केली पाहिजे. २००३ च्या आढाव्यानंतर वर्तमानपत्रांनी 'आत्मसन्मान निरुपयोगी' असा सूर लावला. तोही चुकीचाच. पुरावा न मिळणे आणि परिणाम नाही हे सिद्ध होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२२ साली उलरिख ऑर्थ आणि रिचर्ड रॉबिन्स यांनी पुढच्या काळात झालेले दीर्घ पाठपुराव्याचे अभ्यास एकत्र पाहिले. आत्मसन्मानाचे नातेसंबंध, शाळा, काम, मानसिक आरोग्य या सर्वांत लाभ दिसतात, पण ते लहान आहेत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. शिवाय 'मी चांगला माणूस आहे' या सर्वसाधारण भावनेपेक्षा 'मला अपूर्णांक जमतात' या विशिष्ट विश्वासाचा त्या विषयातल्या प्रगतीशी अधिक जवळचा संबंध आहे, असे २००४ सालच्या एका एकत्रित विश्लेषणात दिसले होते. म्हणजे बाण दोन्हीकडे जात असावेत, एक जाड आणि एक बारीक.

याहून महत्त्वाची गोष्ट आकड्यांच्या बाहेरची आहे. आत्मसन्मानाने गुण वाढत नाहीत, म्हणून मुलांना पाणउतारा करून शिकवायला हरकत नाही, असे कोणी म्हणेल तर ते साफ चूक आहे. मुलाला मानाने वागवायचे ते गुण वाढावेत म्हणून नव्हे. त्याचा तो हक्क आहे, आणि हक्काला सहसंबंधाचा दाखला लागत नाही. उलट 'गुण वाढतात म्हणून मान द्या' असे सांगण्यात धोका आहे, कारण गुण वाढले नाहीत तर मानही काढून घेतला जाईल.

चुकीच्या बाणाची किंमत शेवटी मूल मोजते. अपयशाचे कारण मुलाच्या मनातच आहे असे ठरले की घरात पुस्तक नाही, वर्गात साठ मुले आहेत, मागच्या इयत्तेत अपूर्णांक शिकवलेच गेले नाहीत, या गोष्टी नजरेआड होतात. मग त्याला भागाकार समजावून सांगण्याऐवजी 'तू खूप हुशार आहेस' असे सांगितले जाते. त्याने त्या दिवशी बरे वाटेल, पण भागाकार तसाच राहील.

वरच्या वर्गांत हा विषय शिकवायचा असेल तर चाळीस मुलांचे वरचे उदाहरण चिठ्ठ्यांवर लिहून करून पाहण्यासारखे आहे. प्रत्येक चिठ्ठीवर घरची मदत, आत्मसन्मान आणि गुण या तीन नोंदी करा. आधी फक्त शेवटच्या दोन नोंदी दाखवून विद्यार्थ्यांना निष्कर्ष काढू द्या, मग पहिली नोंद उघडा. त्यानंतर 'अमुक केल्याने तमुक होते असे संशोधनात आढळले' अशी वर्तमानपत्रातली बातमी आणा आणि चार प्रश्न विचारा: दोन्ही गोष्टी कोणी आणि कशा मोजल्या? आधी काय घडले? दोन्हींना जन्म देणारी तिसरी गोष्ट कोणती असू शकेल? आणि गट चिठ्ठ्या टाकून केले होते का? बहुतेक बातम्यांत या चारांपैकी दोघांचीही उत्तरे सापडत नाहीत. ती मूळ अभ्यासात शोधावी लागतात, आणि ती शोधायला विद्यार्थ्यांना लावणे हाच या पाठाचा गृहपाठ.